भारी जमिनीचा अहवाल

जून महिना उजाडला की चाकणच्या औद्योगिक पट्ट्यातल्या कंपन्यांना झाडांची आठवण येते. बॅनर छापले जातात, टोप्या वाटल्या जातात, बसमधून माणसं कुठल्यातरी टेकडीवर नेली जातात. एका रोपाला सहा जणांचे हात लागतात आणि फोटो निघतात. मग जुलै येतो, उत्पादनाचं टार्गेट येतं, आणि झाडं आपापल्या नशिबावर राहतात. वाचकहो, या फोटोंमध्ये तुम्ही-आम्ही सगळेच कुठे ना कुठे उभे आहोत. त्यामुळे ही गोष्ट कुणाला नावं ठेवायला म्हणून सांगत नाही.

धम्मपाल ओव्हाळ हा ब्रेकच्या नळ्या बनवणाऱ्या एका कंपनीत पर्यावरण विभागाचा अधिकारी. विभाग म्हणजे तो स्वतः, एक कपाट आणि एक प्रिंटर. वय चौतीस, राहायला पिंपरीत, शिक्षण ताथवड्याच्या कॉलेजात. मेहनती माणूस, वेळेचा पक्का, मनाचा साफ. खोड एकच. समोरच्याचं बोलणं निम्म्यावर आलं की याचं उत्तर तयार असायचं. मीटिंगमध्ये ही खोड हुशारी म्हणून खपून जायची. टेकडीवर मात्र खपली नाही.

निघोज्याच्या पलीकडे दगडेवाडी नावाची तीसेक घरांची वस्ती आहे. वस्तीच्या मागे एक उतरती टेकडी आहे, तिला गोटमाळ म्हणतात. काळी चिकट माती आणि तिच्यात मुठीएवढ्यापासून भोपळ्याएवढ्यापर्यंत काळे दगड. दहा पावलं चालायची तर आठ वेळा खाली बघावं लागतं. ही टेकडी ग्रामपंचायतीने कंपनीला झाडं लावायला दिली होती. त्याआधी जागा पाहून मातीचा अहवाल करायचा होता, म्हणून धम्मपाल मे महिन्यातल्या एका सकाळी तिथे गेला.

टेकडीच्या अगदी पायथ्याला सुभद्राबाईंचं घर. वय सत्तरीपुढचं, पण आवाज असा की अर्ध्या वाडीला घड्याळ लागत नव्हतं. बाई अंगणातल्या बाजेवर कुरडया वाळत घालत होत्या.

"आजी, या टेकडीची जमीन कशी आहे हो?" धम्मपालने विचारलं.

"भारी हाय बग," सुभद्राबाई कुरडईवरून नजर न हलवता म्हणाल्या.

"भारी? एकदम भारी?"

"लई भारी. आमी जलम काढला की हितं. पर येक सांगते, बस वाईच, च्या टाकते..."

तेवढ्यात धम्मपालचा फोन वाजला. कंपनीत ऑडिटवाले आले होते. त्याने फोन कानाला लावला, बाईंना हसून अंगठा दाखवला आणि मोटारसायकलला किक मारली. त्याच दिवशी दुपारी प्रिंटरमधून अहवाल बाहेर आला. 'स्थानिक ज्येष्ठ नागरिकांशी सविस्तर चर्चा केली. माती उत्कृष्ट.'

पुढचं सगळं झोकात झालं. सुभद्राबाईंचा मुलगा पिंटूशेठ याचा स्वतःचा जेसीबी होता. कंपनीने त्यालाच बोलावून टेकडीवरचे दगड वेचून एका कडेला ढीग करायला लावले, कारण फोटोत दगड बरे दिसत नाहीत. मग दोरी लावून रांगेत खोल खड्डे खणले. खड्ड्यातली काळी ढेकळं फेकून दिली आणि त्यात विकतची लाल माती भरली, कारण नर्सरीतल्या माणसाने तसं सांगितलं होतं. पाचशे रोपं लागली. सगळी शोभेची, सगळी एका उंचीची. पाऊस असो नसो, टँकर रोज पाणी घालून जायचा. धम्मपालने त्यात कसूर होऊ दिली नाही.

जुलैच्या पावसात टेकडीवरची माती वाहून वाडीच्या रस्त्यावर आली. दूधवाला दोनदा घसरला. गणपतीपर्यंत रोपांची पानं पिवळी पडली, दिवाळीपर्यंत गळली, आणि डिसेंबरात गोटमाळावर पाचशे काड्या रांगेत उभ्या होत्या. रांग मात्र अजिबात मोडली नव्हती!

कंपनीत धम्मपालच्या वरिष्ठ मोनिका मॅडमनी त्याला केबिनमध्ये बोलावलं. बाई कडक, पण खडूस नव्हत्या.

"ओव्हाळ, वरून विचारणा झालीये. झाडं का गेली?"

"मॅडम, पाणी तर रोज घातलं. खतही घातलं."

"मग राहिलं काय?"

राहिली होती फक्त माती. तिच्या बाजूने बोलायला त्या केबिनमध्ये कुणी नव्हतं. धम्मपाल जागेवर आला आणि त्याच प्रिंटरमधून त्याने दुसरा अहवाल काढला. 'सदर टेकडीवरील माती दगडयुक्त व निकृष्ट असून वृक्षवाढीस पूर्णपणे अयोग्य आहे.' सात महिन्यांपूर्वी आपणच तिला उत्कृष्ट म्हटलं होतं, हे त्याला आठवलं नाही असं नाही. आठवलं, पण त्याने कपाट बंद केलं.

या अहवालाची एक प्रत ग्रामपंचायतीत गेली आणि तिथे निराळंच घडलं. चाकणच्या पट्ट्यात नवे रस्ते, नवे प्लॉट, नव्या शेड रोज उभ्या राहतात, आणि त्या सगळ्यांच्या भरावाला मुरूम लागतो. गोटमाळाच्या मातीखाली मुरूम होता. आजवर गाव टेकडीला हात लावू देत नव्हतं. आता पिंटूशेठने अहवालाचा कागद हातात धरून पारावर भाषणच ठोकलं.

"कंपनीच्या इंजिनेरनं लिवून दिलंय राव! तिथं काय बी उगवणार न्हाई. मग ठेवायची कशाला तशी? सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत ठराव करू आणि मुरूम काढायला देऊ."

धम्मपालला यातलं काही माहीत नव्हतं. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात त्याला फोन आला.

"सायेब, मी सुभद्रा बोलते, दगडेवाडीची. माज्या टेकडीला तू काय बाय बोललास म्हनं. हिकडं यिऊन तिच्या तोंडावर बोल."

शनिवारी सकाळी तो गेला. बाईंनी त्याला चहा विचारला नाही. कमरेला पदर खोचला आणि सरळ टेकडीकडे चालू लागल्या. पहिल्याच रांगेतल्या खड्ड्याशी थांबल्या. आत गढूळ पाणी साचलेलं होतं.

"टँकर कंदी आलता?"

"काल सकाळी. काड्यांना पाणी चालूच आहे, कॉन्ट्रॅक्ट मार्चपर्यंत आहे."

"आन पानी आजून हितंच. दिसतंय का? तुजी झाडं तानेनं न्हाई मेली, बाळा. बुडून मेली!"

धम्मपाल वाकून बघत राहिला. बाईंनी खड्ड्याच्या कडेची ओली माती चिमटीत घेतली, कणकेसारखी मळली आणि तळहातावर वळली. लांब वळी झाली. मग ती वळी बोटाभोवती गुंडाळून त्यांनी बांगडी केली. बांगडीला एक तडा गेला नाही.

"आता तुजी ती तांबडी माती घे आन वळ."

त्याने वळली. अर्ध्यातच तुकडे पडले.

"ही काळी माती पानी पिती आन फुगती. फुगली की तिच्यातनं थेंब खाली जात न्हाई. तू तिच्यात खोल खड्डा केलास, वर तांबडी माती भरलीस. म्हंजी घमेल्यात झाड लावलंस आन रोज घमेलं भरलंस. उन्हाळ्यात हीच माती आकसती, बोट जाईल येवडी भेग पडती, आन भेगंत मुळी तुटती. म्हनून तर मी तुला सांगितलं, जमीन भारी हाय."

"अहो, पण भारी म्हणजे..." धम्मपाल बोलता बोलता थांबला. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "आजी, भारी म्हणजे चांगली ना?"

सुभद्राबाईंनी त्याच्याकडे क्षणभर पाहिलं, आणि मग त्या एवढ्या हसल्या की त्यांना दगडावर बसावं लागलं.

"आरं देवा! भारी म्हंजी जड! चिकट, पानी धरनारी. हलकी जमीन आन भारी जमीन, शेतकऱ्याला इचार की! तुमच्या कंपनीत पिच्चर भारी, बूट भारी, आन माजी जमीन बी तसलीच भारी व्हय? आरं, चांगली हाय, लई चांगली हाय. पर तिच्या तऱ्हा हायेत, त्या संबाळाव्या लागत्यात. तेच सांगाया तुला च्यापुरता बस म्हनलं हुतं."

धम्मपालही हसला, पण अर्धवटच. एक वाक्य. तेवढंच ऐकायचं राहिलं होतं.

बाईंनी मग त्याला टेकडीच्या वरच्या अंगाला नेलं, जिथे जेसीबी पोचला नव्हता. तिथे दगड होते तसेच पसरलेले होते आणि त्यांच्यामधून एक हिवर आणि दोन पळस उभे होते. कुणी लावलेले नव्हते. बाईंनी एक दगड उचलून दाखवला. भोवती सगळीकडे माती वाळून फुटली होती, दगडाखाली मात्र ओल होती.

"तू दगूड काडलेस कशाला?"

"स्वच्छ दिसावं म्हणून," तो खाली बघत म्हणाला.

"दगूड म्हंजी कचरा न्हवं. ऊन लागलं की ह्योच ओल झाकतो. पाऊस आला की पानी ह्येच्याच कडंनं मातीत उतरतं. आन उतारावरची माती ह्योच धरून ठेवतो. तुमी दगूड काडलं आन माती रस्त्यावर आली. चिकट माती एकटी नांदत न्हाई, दगूड तिच्या संगं लागतो."

आता धम्मपालला कॉलेजातलं आठवू लागलं. हा सगळा मुलूख लाव्हारसाचा. तो थिजून काळा पाषाण झाला, पाषाण झिजून मुरूम झाला, मुरूम झिजून ही माती झाली. न झिजलेले तुकडे तिच्यातच राहिले. हे त्याने परीक्षेत सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं आणि त्याला गुणही चांगले मिळाले होते.

परतताना बाई पायथ्याशी थांबल्या. त्यांचा हसरा चेहरा उतरला होता.

"आता खरं ऐक. पिंटू ह्यो पायथा कापनार हाय, मुरमासाठी. त्येला वाटतं, वरची निकामी माती वरच ऱ्हाईल. आरं, पायथा कापला आन वरची भारी माती पावसात पानी प्याली, तर ती थांबनार कशावर? खाली आमची तीस घरं हायेत. आन कापायचा परवाना त्येला तुज्या कागदानं दिलाय."

आपला कागद कपाटात पडून राहील, अशी धम्मपालची समजूत होती. तो कागद तीस घरांच्या मुळावर उठला होता!

सोमवारी त्याने मोनिका मॅडमना सगळं सांगितलं. त्या बराच वेळ पेन बोटांत फिरवत राहिल्या.

"ओव्हाळ, अहवाल मागे घेतलास तर चूक तुझी ठरते. एप्रिलमध्ये तुझं सीनिअर पदाचं नाव जाणार आहे. मग ते मी पाठवू कसं? विचार कर. विषय गावाचा आहे, ते बघतील."

ते बघतील. किती सोयीचे शब्द आहेत हे! आपण दिवसातून किती वेळा ते म्हणतो?

धम्मपालने आठवडाभर विचार केला, म्हणजे टाळला. रविवारी सकाळी तो पोह्यांची बशी पुढे घेऊन नुसताच बसलेला पाहून त्याच्या आईने, भिमाबाईंनी, विचारलं. त्याने सांगितलं. पायथ्याचं, घरांचं, पदाचं, सगळं.

"काय लिहिलंस तू त्या मातीबद्दल?"

"निकृष्ट. वृक्षवाढीस अयोग्य."

भिमाबाईंनी शेगडी बंद केली. "तुझ्या वडलांना शाळेत मास्तर काय म्हणायचे ठाऊक आहे? या वस्तीत काय उगवणार! मागं बसवायचे, ऐकू येऊ नये इतकं मागं. आणि मग म्हणायचे, याला काही येत नाही. तोच माणूस तीस वर्षं टूलरूममध्ये मशिन चालवून रिटायर झाला. वस्ती खराब नव्हती, धम्मा. शिकवणाऱ्यानं तिच्याकडं कधी नीट पाहिलंच नव्हतं."

धम्मपालला रडू येईल असं वाटलं आणि आलंही थोडं. आईने ते पाहिलं आणि त्याच्या बशीत आणखी पोहे वाढले.

सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झालं, जिलेबी वाटून झाली आणि शाळेच्या पटांगणात ग्रामसभा भरली. पिंटूशेठने अहवाल मोठ्याने वाचून दाखवला. 'अयोग्य' या शब्दावर तर तो असा थांबला, जणू टाळ्या येणार आहेत. ठरावाला हात वर होऊ लागले, तेवढ्यात मागून आवाज आला.

"एक मिनिट. तो अहवाल मी लिहिलाय. आणि तो खोटा आहे!"

सगळ्या माना वळल्या. धम्मपाल पुढे आला. कंपनीचा शर्ट त्याने मुद्दाम घातला नव्हता.

"माती निकृष्ट नाही. मी तिला समजूनच घेतलं नाही. जड माती आहे, तिच्यात मी खोल खड्डे घेतले, दगड काढले, रोज पाणी ओतलं. झाडांची मुळं कुजली. नंतर स्वतःची चूक झाकायला मी मातीवर ठपका ठेवला. हा कागद मी लेखी मागे घेतोय."

"म्हंजी झाडं मारली कोनी?" पिंटूशेठने विचारलं.

"मी," धम्मपाल म्हणाला.

चूक कबूल करणारा इंजिनिअर त्या पटांगणाने याआधी पाहिला नव्हता. मग कुणीतरी हसलं, आणि पाठोपाठ सगळी सभा हसली. कुत्सितपणे नाही, मोकळेपणाने. धम्मपालने मग पायथा कापल्यावर काय होऊ शकतं ते उताराचं चित्र काढून समजावलं. या खेपेला त्याने घाई केली नाही. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी मध्येच तीन शंका विचारल्या, त्या त्याने शेवटपर्यंत ऐकून घेतल्या.

पिंटूशेठ अजून हटेना. "आई, तुला धंदा कळत न्हाई..."

"मला उतार कळतो!" सुभद्राबाई उठून उभ्या राहिल्या. "तुजं घर खाली हाय का वर, त्ये आदी सांग. तुजी पोरं झोपत्यात कुठं? मुरूम जाईल रस्त्याला, आन टेकडी यील आपल्या उंबऱ्यात. मग त्या रस्त्यावरनं पळनार हायेस व्हय?"

पिंटूशेठचा हात, ठरावासाठी वर गेलेला, तसाच हवेत राहिला. त्याने आधी आईकडे पाहिलं, मग शाळेच्या भिंतीपलीकडे दिसणाऱ्या आपल्या नव्या दुमजली घराकडे आणि त्याच्या मागच्या उताराकडे. इतकी वर्षं तो त्या उताराकडे रोज बघत होता, पण मुरूम म्हणून. हात हळूच खाली आला.

"ऱ्हाऊ द्या," तो पुटपुटला, आणि मग मोठ्याने म्हणाला, "ऱ्हाऊ द्या ठराव! दगूड मी काडलेत, मीच परत नेऊन टाकतो. फुकट!"

त्या दिवशी सर्वात मोठी टाळी कुठे पडली असेल, तर ती या 'फुकट'वर.

पुढच्या पावसाळ्यात गोटमाळावर पुन्हा झाडं लागली, पण निराळ्या तऱ्हेने. खड्डे उथळ घेतले, खणलेली मातीच परत भरली आणि रोप जरा उंचवट्यावर बसवलं, म्हणजे बुंध्याशी पाणी तुंबणार नाही. प्रत्येक रोपाच्या उताराकडच्या बाजूला दगडांची अर्धगोल ताल, म्हणजे छोटासा बांध, रचली आणि भोवती लहान गोटे पसरले. रोपं पाचशे नव्हती, दोनशेच होती. पळस, हिवर, करंज, बाभूळ. बॅनर नव्हता. मोनिका मॅडम आल्या आणि त्यांचे बूट चिखलाने असे जड झाले की सुभद्राबाईंनी ते हातात धरून त्यांना अनवाणी चालायला लावलं. धम्मपालचं पद त्या वर्षी हुकलं. मॅडमनी ते स्पष्ट सांगितलं. पण कंपनीच्या फॉर्मवर 'लावलेली झाडे' हा रकाना होता, तो त्यांनी स्वतः खोडून 'एका वर्षानंतर जगलेली झाडे' असा केला. त्या रकान्यात दगडेवाडीने भरलेला आकडा एकशे एकोणसत्तर होता.

वाचकहो, गोटमाळ आजही जागेवर आहे आणि खाली तीसही घरं सुखात आहेत. टेकडी वाचली ती काही आभाळातून मदत आली म्हणून नव्हे. एका माणसाने आपली चूक आपल्या तोंडाने सांगितली, आणि दुसऱ्याने वर गेलेला हात खाली घेतला, म्हणून वाचली. आपल्या हातातही रोज असे कागद येतात. कधी जमिनीवर शेरा मारायचा असतो, कधी वस्तीवर, कधी वर्गातल्या मागच्या बाकावरच्या मुलावर. 'अयोग्य' लिहायला एक ओळ पुरते. ती लिहिण्याआधी ज्याच्याबद्दल लिहायचं त्याच्याजवळ चार घटका बसा, त्याची तऱ्हा विचारा आणि सांगणाऱ्याचं बोलणं संपेपर्यंत उठू नका. आणि लिहून चुकला असाल, तर चारचौघांत उभे राहा आणि खोडा. त्याने तुमची मान खाली जाणार नाही, आणि कुणाचं तरी घर उभं राहील!